टर्बो जीडीआय गाडी आणि आपल्याकडचं ऊन : इंजिन ऑईल नेमकं कोणतं घ्यावं?

सावदेकर_८४

नमस्कार मंडळी. सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी २०२१ची. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन म्हणजे जीडीआय. ३८ हजार किलोमीटर झालेत, वॉरंटी संपलीय. रोजचा वापर म्हणजे सावद्याहून मळ्यात, सहा किलोमीटर. केळीची कटाई चालू असली की ट्रक भरेपर्यंत तिथेच थांबायचं. वडील सोबत असतात, त्यांना ऊन सोसत नाही, म्हणून एसीसाठी इंजिन तासभर चालूच. मग तेवढंच परत. आठवड्यातून एकदा जळगाव आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुणे किंवा इंदूर.

आता ऑईल बदलायचं आहे. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० (ऑईलच्या जाडीची ग्रेड) लिहिलंय, दर्जा एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसएन प्लस किंवा त्याच्या पुढचा. दुकानदार म्हणतो, "भाऊ, इकडे पारा ४५च्या वर जातो, हे पाण्यासारखं ऑईल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका." नाशिकचा मेहुणा म्हणतो, ०डब्ल्यू-२० टाक, ॲव्हरेज वाढेल. तिघांचं तीन.

आणखी एक गोष्ट. जानेवारीपासून डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्याही थोडं वर दिसतंय. सर्व्हिसवाले म्हणाले, "इंजिन ऑईल खात नाही, म्हणजे उत्तम आहे." मला ते पटलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

गिरणामाय

दुकानदाराचं अगदीच चूक नाही. माझ्या वडिलांनी जीपला आयुष्यभर २०डब्ल्यू-५० वापरलं, इंजिन तीन लाख किलोमीटर चाललं. भडगाव-पाचोऱ्याच्या उन्हात पातळ ऑईल घालायला मला तरी धीर होत नाही.

भुसावळ_गॅरेज

गिरणामाय दादा, जीपची गोष्ट खरी आहे, पण ते इंजिन वेगळं होतं. त्यात बेअरिंगच्या फटी मोठ्या, टर्बो नाही, व्हीव्हीटी (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) नाही. सावदेकर भाऊंच्या इंजिनात कॅमशाफ्टचं टायमिंग ऑईलच्या दाबावर पुढे-मागे होतं आणि ते ऑईल सुईच्या नेढ्याएवढ्या जाळीतून जातं. जाड ऑईल घातलं की तिथला प्रतिसाद बिघडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, मग माणूस सेन्सर बदलत बसतो. माझ्याकडे अशा दोन गाड्या आल्या होत्या. योग्य ग्रेड भरल्यावर दोन्ही सुरळीत झाल्या.

बाहेर ४५ असो की १५, थर्मोस्टॅट कूलंटला ९०-१०० अंशांच्या आसपासच ठेवतो. ऑईलला जो मार बसतो तो आतल्या उष्णतेचा. टर्बोच्या शाफ्टजवळ जे तापमान असतं त्यापुढे भुसावळचा मे महिना किरकोळ आहे. उन्हाचा परिणाम होतो, पण तो जास्त करून गाडी उभी ठेवून एसी चालवताना आणि घाटात. रेडिएटर स्वच्छ नसेल तर मात्र जरूर होतो. आपल्याकडे कपाशीच्या दिवसांत जिनिंगजवळून रोज जाणाऱ्यांच्या रेडिएटरवर कापसाच्या तंतूंची गादी साचते. आधी ती काढा.

पण मला काळजी वाटतेय ती वर चढणाऱ्या ऑईलची. भाऊ, डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतो का?

सावदेकर_८४

आत्ता जाऊन घेतला. येतोय. अगदी स्पष्ट.

वंगणवाला

मी मूळचा पारोळ्याचा, सिल्वासाला ऑईल ब्लेंडिंगमध्ये १९ वर्षं काढली. हा धागा वाचून राहवलं नाही. थोडं लांब लिहितो, कारण ग्रेडचा नंबर हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग आहे आणि सगळे तिथेच अडकतात.

जुन्या एमपीएफआय इंजिनात पेट्रोल साधारण ३-४ बार दाबाने इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरच्या आत, १५० ते ३५० बार दाबाने. या एका बदलामुळे ऑईलवर तीन नवी संकटं आली.

पहिलं तुमच्या डिपस्टिकवर दिसतंय. गार इंजिनात फवारा सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो, तिथून पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली संपमध्ये, म्हणजे ऑईलच्या तळटाकीत, उतरतं. इंजिन पूर्ण तापून तासभर हायवेवर चाललं की ते उडून जातं. सहा किलोमीटरच्या फेरीत ऑईल तेवढं तापतच नाही. म्हणजे पेट्रोल साचतं, पातळी चढते आणि ऑईल पातळ होतं. ३० ग्रेडची १०० अंशांवरची चिकटपणाची खालची मर्यादा ९.३ सेंटिस्टोक्स आहे. पेट्रोल मिसळून ते त्याच्या खाली गेलं की डब्यावर ३० लिहिलेलं असूनही तुम्ही प्रत्यक्षात २० ग्रेड वापरत असता. आणि वाईट म्हणजे इंजिन थोडं ऑईल जाळत असलं तरी पेट्रोल त्याची जागा भरून काढतं, म्हणून डिपस्टिकवर सगळं छान दिसतं. "ऑईल खात नाही" हे वाक्य जीडीआयच्या बाबतीत इतक्या सहज बोलू नये.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्हवरचा कार्बन. पूर्वी पेट्रोलच इनटेक व्हॉल्व्ह धूत असे. आता तिथे पेट्रोल पोचतच नाही. क्रँककेसमधली ऑईलची वाफ मात्र पीसीव्ही या वाफ परत फिरवणाऱ्या झडपेतून तिथे जाते आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर खरपुडीसारखी बसते. म्हणून ऑईल जितकं कमी उडणारं तितकं बरं. याला मोजमाप आहे, नोअक चाचणी. २५० अंशांवर एक तास ठेवून किती टक्के वजन उडालं ते बघतात. एपीआय एसपीच्या नेहमीच्या ग्रेडना मर्यादा १५ टक्के, युरोपच्या एसीईए संस्थेच्या सी३ वर्गाला १३ टक्के. चांगली ऑईलं १०च्या खाली किंवा आसपास असतात. हा आकडा डब्यावर नसतो. कंपनीच्या साईटवर त्या ऑईलची टेक्निकल डेटा शीट असते, तिच्यात बहुधा मिळतो. तो देणारी कंपनी मला जास्त विश्वासाची वाटते.

तिसरं एलएसपीआय, म्हणजे लो-स्पीड प्री-इग्निशन. कमी आरपीएमला, जास्त लोडवर, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. ऑईल आणि पेट्रोलचा एखादा थेंब पिस्टनच्या कडेच्या फटीतून उडतो आणि तोच काडीचं काम करतो. एकच जबर ठोका पिस्टनची रिंग बसते ती कड मोडू शकतो. कॅल्शियमवर आधारलेल्या डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो हे लक्षात आल्यावर ऑईलची रेसिपीच बदलली, कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम आणलं. त्यासाठी २०१८मध्ये एपीआय एसएन प्लस आलं आणि मे २०२०पासून एसपी. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही आहे, कारण जीडीआयची बारीक काजळी ऑईलमध्ये उतरून चेन घासते. मार्च २०२५पासून त्यापुढचा एसक्यू वर्गही आला आहे.

आता दुकानदाराच्या २०डब्ल्यू-५०कडे या. बाजारात त्या ग्रेडचे बरेच डबे एसएल, एसएम, फार तर एसएन वर्गाचे असतात. म्हणजे एलएसपीआयची चाचणी न दिलेले. जाडी बाजूला ठेवली तरी एवढ्या एका कारणासाठी मी ते टर्बो जीडीआयमध्ये घालणार नाही.

चाळीसगावची_लेक

वंगणवाला भाऊ, एलएसपीआयचं वाचून अंगावर काटा आला. मी आठवड्यातून दोनदा कन्नड घाट चढते, संभाजीनगरला. गाडी टर्बो, मॅन्युअल गिअर. ट्रकच्या मागे चौथ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढवायची सवय आहे. ॲव्हरेज चांगलं मिळतं असं वाटायचं. हेच ते ना?

वंगणवाला

ताई, हेच. १५०० ते २५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला, वरचा गिअर. तिसरा टाका, गरज पडली तर दुसरा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही, या इंजिनांना फिरायला आवडतं. आणि घाट संपल्यावर लगेच हॉटेलपाशी थांबून इंजिन बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. टर्बोच्या शाफ्टजवळ थांबलेलं ऑईल भाजून कोळसा होतं.

पांझराकाठ

भाऊ, मन्ही गाडी डिझेल शे. तीबी डायरेक्टच ना? मंग मी कोनतं ऑईल टाकू?

(धुळ्याहून. घरात अहिराणी, म्हणून सुरुवात तशी झाली. २०२२ची बीएस६ एसयूव्ही आहे. तिच्यातही ऑईल चढतं असं एकाने सांगितलं.)

भुसावळ_गॅरेज

हो भाऊ, कॉमन रेल डिझेल डायरेक्टच, दाब तर हजार-दीड हजार बारच्याही पुढे. पण तिचं ऑईल वेगळ्या कारणाने निवडायचं. बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. ऑईलमधल्या ॲडिटिव्हची राख त्यात कायमची अडकते, ती जळून जात नाही. म्हणून कमी राखेचं ऑईल, एसीईए सी२ किंवा सी३, जे तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल ते. जुन्या डिझेलचं सीएच-४, सीआय-४ वर्गाचं ऑईल ट्रॅक्टरसाठी आणलेलं घरात असतं, ते कुणीतरी टॉपअपला ओततं. तसं करू नका.

आणि ऑईल चढतं हेही खरं. डीपीएफ साफ करताना बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतात. ती सफाई चालू असताना तुम्ही दर वेळी घर आलं म्हणून गाडी बंद केली की ते डिझेल खाली उतरतं. महिन्यातून दोन-तीनदा गाडी शिरपूरपर्यंत एका दमात नेऊन आणा.

नवापूरकर

मला ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूमधला फरक कुणी सांगेल का? डब्ल्यू म्हणजे विंटर हे माहीत आहे.

वंगणवाला

५डब्ल्यू उणे ३५ अंशांपर्यंत पंपाला उचलता यायला हवं, ०डब्ल्यू उणे ४०पर्यंत. धुळ्याला कडाक्याच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, एवढंच. म्हणजे आपल्यासाठी हा फरक जवळपास नाही, तिथे पैसे घालू नका. मागचा आकडा, २०, ३० की ४०, तो महत्त्वाचा. मेहुण्यांना सांगा, ०डब्ल्यू-२० वाईट नाही, पण ते त्याच्यासाठी बनवलेल्या इंजिनात. ज्या मॅन्युअलमध्ये ते नाही, त्या इंजिनात ॲव्हरेजच्या लोभाने घालू नये. त्यातून सावदेकर भाऊंच्या इंजिनात पेट्रोल मिसळतंय. २०चं काय होईल?

गिरणामाय

मग तोच न्याय लावून ४० घालावं ना? पेट्रोल मिसळून पातळ होणारच असेल तर सुरुवातच जाड ऑईलने करावी.

वंगणवाला

दादा, हा प्रश्न रास्त आहे आणि यावर आमच्या क्षेत्रातही दोन मतं आहेत. माझं सांगतो.

मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-४० असेल तर आपल्याकडच्या वापराला मी तेच घेईन. कारण एचटीएचएस. १५० अंशांवर, बेअरिंगच्या फटीत ऑईल जोरात घासलं जात असताना त्याची फिल्म किती टिकते त्याचं ते माप. ३० ग्रेडला किमान २.९ लागतो, ५डब्ल्यू-४०ला ३.५. पण ३० ग्रेडमध्येही एसीईए सी३चं ऑईल घेतलं तर त्यालाही ३.५ची अट असते. म्हणजे ग्रेड न बदलता मजबूत फिल्म मिळते. मॅन्युअल ५डब्ल्यू-३०वरच थांबत असेल तर तिथेच राहायचं, आणि एपीआय एसपी व सी३ दोन्ही लिहिलेला डबा शोधायचा. मॅन्युअल सी२ किंवा सी५ मागत असेल तर मात्र तेच, कारण ते इंजिन कमी एचटीएचएसवर बेतलेलं असतं.

फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय असेल तर कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक बघा, ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ०० असे असतात. डब्यावर "मंजूर" लिहिलंय की "योग्य" लिहिलंय हेही वाचा. मंजूर म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून पत्र दिलंय. "योग्य" हे ऑईलवाल्याचं स्वतःचं म्हणणं.

यावलचा_शरद

माझ्या गाडीवर "ड्युअलजेट" लिहिलंय. तीपण यात धरायची का?

भुसावळ_गॅरेज

नाही. त्यात दर सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत, पण दोन्ही पोर्टमध्येच, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागे, फवारतात. व्हॉल्व्ह धुतले जातात. मारुतीची बूस्टरजेट मात्र डायरेक्ट इंजेक्शन आहे. ह्युंदाई-कियाची टी-जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, महिंद्राची एमस्टॅलियन टीजीडीआय, या सगळ्या डायरेक्ट. नेक्सॉनचं १.२ टर्बो पोर्ट इंजेक्शनचं आहे. टर्बो म्हणजे जीडीआयच असं नाही.

चाळीसगावची_लेक

"फुल्ली सिंथेटिक" म्हणजे नक्की काय? एकाच नावाने दीड हजाराचाही डबा मिळतो आणि चार हजारांचाही.

वंगणवाला

बेस ऑईलचे पाच गट असतात. चौथा गट म्हणजे पीएओ, प्रयोगशाळेच्या पद्धतीने रेणू जोडून बनवलेलं, ते खऱ्या अर्थाने कृत्रिम. तिसरा गट कच्च्या तेलापासूनच निघतो, पण हायड्रोजनच्या साहाय्याने इतका शुद्ध केलेला की गुण जवळपास तसेच. अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात यावरून वाद झाला आणि १९९९मध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेने तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असं ठरवलं. आज बाजारातली बरीच "फुल्ली सिंथेटिक" ऑईलं तिसऱ्या गटाची आहेत. शेल तर नैसर्गिक वायूपासूनही बेस ऑईल बनवते.

मला यात फसवणूक वाटत नाही. तिसऱ्या गटाचं, सगळ्या मंजुऱ्या असलेलं ऑईल वेळेवर बदललेलं केव्हाही चांगलं. पीएओ घालून वीस हजार किलोमीटर ताणलेलं ऑईल तुमच्या वापरात इंजिन खाईल. पेट्रोल आणि काजळी दोघांनाही सारखीच बिघडवते. अर्धा पैसा ऑईलच्या नावात घालण्यापेक्षा एक जास्तीचा बदल करा.

सावदेकर_८४

मग माझ्यासारख्या वापरात किती किलोमीटरला? मॅन्युअलमध्ये १० हजार किंवा १२ महिने आहे.

वंगणवाला

त्याच मॅन्युअलमध्ये पुढे "कठीण परिस्थितीतला वापर" असं पान असेल, ते फार जण उघडत नाहीत. वारंवार छोटी फेरी, बराच वेळ आयडलिंग, धूळ, खूप उष्ण हवा. भाऊ, तुमच्याकडे चारही आहेत. पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. आणि एसी चालवून उभं राहण्याचा तास मीटरवर शून्य किलोमीटर दाखवतो, इंजिनाला मात्र तो मोजावा लागतो.

आत्ताचं ऑईल पाच हजार व्हायची वाट न बघता काढा. काढण्याआधी त्याचा एक थेंब कॉफीच्या फिल्टर पेपरवर टाकून रात्रभर ठेवा. मध्ये काळा ठिपका, कडेला फिकट पारदर्शक वलय लांबवर पसरलं तर पेट्रोल आहे. ढोबळ पद्धत आहे, पण पुढच्या वेळच्या थेंबाशी ताडून बघता येते. कागदावर तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवा.

सावदेकर_८४

कार्बनसाठी पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

भुसावळ_गॅरेज

इंजेक्टरचं टोक साफ राहायला होतो. व्हॉल्व्हला नाही, कारण टाकीतलं पेट्रोल व्हॉल्व्हवर जातच नाही. व्हॉल्व्हवर कार्बन बसलाच तर मॅनिफोल्ड उघडून अक्रोडाच्या सालीच्या भुग्याने मारा करून साफ करतात. आमच्याकडे ते यंत्र नाही, नाशिक-पुण्याला पाठवावं लागतं. आयडलिंग खडबडीत झालं, सकाळी सुरू होताना मिसफायर झाला, तर विचार करायचा. उगाच नाही.

एअर फिल्टर मात्र पाच हजाराला उघडा. काळ्या मातीचा उन्हाळ्यातला फुफाटा फिल्टरच्या फटीतून गेला तर सगळ्यात महागडं ऑईलसुद्धा वाचवू शकत नाही. कॉम्प्रेसरची हवा उलट्या बाजूने जोरात मारून तोच फिल्टर चार वेळा वापरतात, कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात. नवीन घाला, फार महाग नसतो.

नवापूरकर

नकली डब्यांबद्दलही लिहा कुणीतरी. मला मागच्या वर्षी एका दुकानात नामांकित ब्रँडचा डबा मिळाला, सील व्यवस्थित. दोन हजार किलोमीटरमध्ये ऑईल डांबरासारखं झालं. फिलर कॅपखाली गाळ. फ्लश करून वाचलं, पण पाच दिवस गाडी उभी होती आणि लग्नसराई चालू होती.

वंगणवाला

वाईट वाटलं वाचून. कंपनीच्या साईटवरून अधिकृत वितरक शोधून तिथूनच घ्या, पक्कं बिल घ्या. डब्यावरचा क्यूआर स्कॅन करा आणि आधीच कुणी स्कॅन केल्याचं दाखवतंय का ते बघा. बॅच नंबर डब्यावर आणि झाकणावर दोन्हीकडे असेल तर जुळवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑईल भरून झालं की रिकाम्या डब्याला आपल्या डोळ्यासमोर स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा. नकली माल याच अस्सल डब्यांत भरला जातो.

जळकं ऑईलही गॅरेजवाल्याकडे परवानाधारक उचलणाऱ्यासाठी जमा करा. गावाकडे वाळवीसाठी दारं-चौकटींना, बैलगाडीच्या चाकांना ते फासायची पद्धत आहे. आता त्यात काजळी, पेट्रोल, धातूचा चुरा असतो. विहिरीजवळ, गोठ्याजवळ तर नकोच.

सावदेकर_८४

मंडळी, साडेतीन महिन्यांनी परत आलो. जे केलं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

मॅन्युअल नीट वाचलं. तक्त्यात ५डब्ल्यू-४० नव्हतं, म्हणून ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी आणि सी३ असलेलं घेतलं. दोन कंपन्यांच्या डेटा शीट समोरासमोर ठेवल्या, ज्याचा नोअक कमी तो घेतला. जळगावच्या वितरकाकडून, बिलासकट. भुसावळ_गॅरेज दादांनी स्वतः भरून दिलं. निघालेल्या ऑईलचं वलय कागदावर बोटभर रुंद आलं, ते बघून वंगणवाला भाऊंचं म्हणणं पटलं.

मळ्यात विहिरीजवळच्या खोलीला कूलर बसवला. वडील आता तिथे खाटेवर असतात, गाडी बंद. आयडलिंगचा तास संपला. दर रविवारी मुद्दाम गाडी मुक्ताईनगरपर्यंत हायवेने नेतो, चाळीस-पन्नास मिनिटं एकसारखी.

डिपस्टिक दर रविवारी सकाळी, गार इंजिनावर, अंगणातल्या एकाच सपाट जागेवर बघतो आणि वहीत लिहितो. बदलल्यापासून २,१०० किलोमीटर झाले. पातळी वरच्या खुणेच्या केसभर खाली, तिथेच आहे. वास अगदी हलका. दिवाळीच्या आधी, पाच हजार झाले नसले तरी, सहा महिने भरतात म्हणून बदलणार आहे. तेव्हाचा कागद इथेच टाकतो, दोन्ही थेंब शेजारी ठेवून.

भुसावळ_गॅरेज

भाऊ, येताना ड्रेन प्लगचा वॉशर नवीन घेऊन या. माझ्याकडचे संपलेत.